फॉर्मवर न लिहिलेली गोळी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

वय ३८, राहणार विश्रामबाग, सांगली. एका पतसंस्थेत शाखाधिकारी. पाच वर्षांपासून मधुमेह (मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड), दोन वर्षांपासून रक्तदाब (टेल्मिसार्टन). वडिलांना हार्ट अटॅक आला होता म्हणून फॅमिली डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी रोजची अ‍ॅस्पिरिनही लावलेली. गेल्या महिन्यातला एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.६. कपाळ पंचविशीपासूनच मागं सरकतंय. पण गेल्या डिसेंबरात थोरला भाऊ अचानक गेला आणि मार्चपासून उशीवर, बाथरूमच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. मधल्या काळात झोप उडाली, छातीत धडधड सुरू झाली. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी एसिटालोप्राम आणि प्रोप्रॅनोलॉल दिली, ती चालू आहेत. स्ट्रिपा ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवींच्या जुन्या पावत्यांखाली असतात, घरी ‘अ‍ॅसिडिटीची गोळी’ असं सांगितलंय. मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला एक बाई म्हणाल्या, “आजोबा, तुम्ही पुढं बसा.” त्याच रात्री केस लावून देणाऱ्या पुण्यातल्या एका क्लिनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेले. उत्तर आलं, ३५०० ग्राफ्ट (मागून काढून पुढं बसवायची केसांची मुळं), एका दिवसात, दिवाळी ऑफर. दहा हजार अ‍ॅडव्हान्स भरून झालाय. त्यांच्या फॉर्मवर शुगर, बीपी लिहिलं, पण ‘मानसिक आजार किंवा त्याची औषधं’ या रकान्यात ‘नाही’वर टिक केली. क्लिनिकचा काउन्सेलर म्हणाला, “शुगरवाले रोज येतात. रक्त पातळ करायची गोळी तेवढी आठ दिवस आधी बंद करा.” बायकोच्या मते हे सगळं खूळ आहे. सोमवारी तारीख पक्की करायला फोन येणार आहे. “काका, करू का नको? आणि ड्रॉवरमधल्या त्या गोळ्यांचं सांगायलाच पाहिजे का?”

—

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. हो, सांगायलाच पाहिजे. पहिल्याला वेळ लागेल.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. आयुष्य सांगलीत औषधाच्या काउंटरमागं गेलं. शुगरची गोळी माणूस फुटपाथवरूनच ओरडून मागतो, “काका, माझं नेहमीचं द्या!” मनाच्या गोळीचं गिऱ्हाईक दुकान बंद व्हायच्या वेळेला येतं. आधीचं गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच टूथपेस्ट बघत उभं राहतं, मग चार घड्या घातलेली चिठ्ठी पुढं सरकवतं आणि “कागदात बांधून द्या” म्हणतं. विश्रामबागची माणसं मिरजेत घेतात, मिरजेची सांगलीत येतात. त्यामुळं तुमच्या ड्रॉवरचं मला काहीच नवल वाटलं नाही. काळजी वाटली ती त्या टिकमार्कची. तुमच्या यादीतल्या सगळ्या गोळ्या बघितल्या, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर ज्यांच्यामुळं घोटाळा होऊ शकतो त्यातल्या दोन नेमक्या तुम्ही लपवलेल्या आहेत.

प्रोप्रॅनोलॉल घ्या. तुम्हाला ती धडधडीची म्हणून माहीत आहे. बऱ्याच जणांना अर्धशिशीसाठी किंवा हात थरथरतात म्हणून दिलेली असते, आणि त्यांना आपण ‘हृदयाची’ गोळी घेतोय याचा पत्ताच नसतो. केस लावताना डोकं बधिर करायला लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. त्यात रक्तस्राव कमी व्हावा आणि बधिरपणा टिकावा म्हणून अ‍ॅड्रेनालिन मिसळलेलं असतं. प्रोप्रॅनोलॉल अंगात असताना अ‍ॅड्रेनालिन जास्त प्रमाणात गेलं तर रक्तदाब एकदम चढू शकतो आणि नाडी मंदावू शकते. तुम्हाला रक्तदाब आधीपासून आहेच. डॉक्टरला हे माहीत असेल तर तो औषधाचं प्रमाण बदलेल, मॉनिटर लावेल, तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करेल. माहीत नसेल तर तो अंधारात काम करणार.

दुसरी भानगड शुगरची. ३५०० ग्राफ्ट म्हणजे सात-आठ तास आडवं पडून राहायचं, कधी त्याहून जास्त. सकाळी सवयीनं ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवण लांबलं, तर साखर खाली येते. एरवी साखर उतरली की छाती धडधडते, हात कापतात, आणि माणूस खिशातली गोळी-चॉकलेट तोंडात टाकतो. प्रोप्रॅनोलॉल नेमक्या या दोन खुणा झाकून टाकते. घाम तेवढा सुटतो, पण लाइटखाली पालथं पडलेल्या माणसाच्या घामाकडं कोण बघणार? टेबलाशेजारच्या माणसाला तुमच्या गोळ्या ठाऊक असतील तर तो दर दोन तासांनी बोटातून रक्त घेऊन साखर बघेल. एवढ्याशा गोष्टीनं धोका टळतो, पण ती सुचण्यासाठी तुमची यादी त्याच्या हातात पाहिजे.

एसिटालोप्रामचं असं आहे की तिनं रक्त गोठायला लावणाऱ्या पेशींचं काम थोडं मंदावतं. सोबत अ‍ॅस्पिरिन असेल तर रक्तस्राव वाढायची शक्यता आणखी वाढते. केसांच्या शस्त्रक्रियेत हजारो बारीक छिद्रं पाडायची असतात. रक्त पाझरत राहिलं की काम लांबतं, बसवलेली मुळं बाहेर ढकलली जातात.

आता हे वाचून तुम्ही उद्या सकाळी तिन्ही गोळ्या बंद कराल, ही मला खरी भीती आहे. करू नका. एसिटालोप्राम एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड, झोपेचा बोजवारा, अंगात विजेसारखे झटके असं बरंच काही होतं, आणि आजार उलटतो तो वेगळाच. प्रोप्रॅनोलॉल अचानक सोडली की धडधड पहिल्यापेक्षा जोरात परत येते. अ‍ॅस्पिरिन तुम्हाला स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) नसताना, नुसत्या वडिलांच्या इतिहासावरून लागलेली आहे. ३८ व्या वर्षी ती खरंच हवी का, हे फिजिशियनला जरूर विचारा, हल्ली डॉक्टर अशी सरसकट देत नाहीत. पण ती थांबवायची का आणि किती दिवस, हे सांगणं काउन्सेलरचं काम नव्हे. हेच पत्र अँजिओप्लास्टी झालेल्या कुणी लिहिलं असतं तर मी आणखी कडक बोललो असतो. स्टेंट बसल्यावर पहिलं वर्षभर कुणाच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल तोडणं म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतण्याची वाट उघडणं. तिथं कार्डिऑलॉजिस्टच्या लेखी परवानगीशिवाय केसांचा विषयही काढायचा नाही. वॉरफेरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनाही हेच.

पण मुळात तुम्हाला शस्त्रक्रियेची गरज किती, हे तरी ठरलंय का?

तुमच्या पत्रात दोन वेगवेगळ्या गळती एकत्र झाल्यात. पंचविशीपासून कपाळ मागं जातंय ती पुरुषी टक्कल पडण्याची, घराण्यातून आलेली. मार्चपासून पुंजके यायला लागले ती दुसरी असू शकते. मोठा धक्का, मोठं आजारपण, डेंग्यू, बाळंतपण यानंतर दोन-तीन महिन्यांनी डोक्यावरचे सगळीकडचे केस एकदम झडायला लागतात. डिसेंबरात भाऊ गेला, मार्चात केस. हिशेब जुळतो. ही गळती बहुतेक वेळा सहा-आठ महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. साखर चढलेली असेल, थायरॉइड बिघडलेला असेल, फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा कमी असेल, किंवा मेटफॉर्मिननं बी-ट्वेल्व्ह उतरलं असेल, तर ती लांबते. क्वचित एसिटालोप्राममुळंही केस झडतात. यातलं नेमकं काय आहे हे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तीन फोटोंवरून कुणाला कळणार नाही. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप नावाचं भिंग लावून बघतात, मागच्या बाजूची दाटी मोजतात, रक्त तपासतात. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव हाकेवर असताना हे काम पुण्याच्या फोनवर का सोपवायचं? आणि ही गळती चालू असताना केस लावून घेतले, तर पुढच्या वर्षी नक्की कशानं केस आले हे तुम्हालाही कळणार नाही. पैसे मात्र गेलेले असतील.

आता काउन्सेलर बहुधा सांगत नाही ती गोष्ट. केस लावल्यानं टक्कल पडणं थांबत नाही. मागून काढून पुढं लावलेले केस बहुतेक टिकतात, पण त्यांच्या अवतीभवतीचे तुमचे जुने केस आपल्या वेळापत्रकानं जातच राहतात. द्राक्षबागेत मधल्या चार ओळी नव्या लावल्या आणि उरलेल्या जुन्या वेलींना औषधच मारलं नाही, तर दोन-तीन हंगामांनी बाग कशी दिसेल, हे तासगावच्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर बहुतेक ठिकाणी फिनास्टेराइड ही टक्कल रोखायची १ मिलिग्रॅमची गोळी सुरू करतात, आणि ती महिन्या-दोन महिन्यांची नसते. वर्षानुवर्षं घ्यायची असते.

आणि इथं तुमची ती टिक परत आडवी येते. फिनास्टेराइडनं काही पुरुषांमध्ये कामेच्छा कमी होते, काहींचं मन खचतं. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हा या औषधाचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं, आणि त्याच्या नोंदी जास्त करून केसांसाठी घेणाऱ्यांच्या, म्हणजे १ मिलिग्रॅमवाल्यांच्या होत्या. घेणाऱ्या प्रत्येकाला असं होतं असं अजिबात नाही. लाखो लोक घेतात आणि मजेत असतात. पण ज्याचं मन गेले काही महिने गोळ्यांच्या आधारानं उभं आहे, त्याला हे औषध देण्याआधी देणाऱ्याला ते ठाऊक असलं पाहिजे. तुम्ही ‘नाही’वर टिक केलीत. डिस्चार्जच्या पिशवीत ती स्ट्रिप घालणाऱ्याला काही शंका यायचं कारणच उरलं नाही.

तेव्हा क्रम उलटा आहे. आधी ठरवायचं की फिनास्टेराइड आपल्याला झेपेल का, आणि ते तुमचे मानसोपचारतज्ज्ञच सांगू शकतात. झेपणार नसेल तर पर्याय आहेत. डोक्याला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल आहे. ते नियमानं लावावं लागतं आणि सुरुवातीला उलट थोडी गळती वाढते, म्हणून बरीच माणसं घाबरून सोडून देतात. मिनॉक्सिडिलच्या गोळीचं हल्ली फार खूळ आहे, पण ती मुळात रक्तदाबाची गोळी. धडधड वाढवते, पायांना सूज आणते. टेल्मिसार्टन चालू असलेल्या, धडधडीची तक्रार असलेल्या माणसानं ती मित्राच्या सल्ल्यानं घेऊ नये. लावायचं औषध पुरेसं ठरलं नाही, तर सर्जननं पुढं आणखी केस जाणार हे धरूनच कपाळाची रेघ आखायला हवी. मागची दाटी ही मोजकी पुंजी असते, एकदा काढलेलं मूळ तिथं परत उगवत नाही. ३८ व्या वर्षी ३५०० एका दमात खर्चून टाकले, तर पंचेचाळिशीत टाळू उघडा पडल्यावर काय लावणार? हा हिशेब पतसंस्थेच्या माणसाला मी समजावून सांगायची गरज नाही.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी वर मुद्दाम घेतलं नाही. तुम्ही लिहिलंय, “केस आले की मीच परत येईन असं वाटतं.” गॅदरिंगला ‘आजोबा’ ऐकून लागलं असणारच. ३८ व्या वर्षी कुणालाही लागेल, आणि त्यासाठी केस लावावेसे वाटणं हे मला खूळ वाटत नाही. तुमच्या घरच्यांशी माझं इथं पटत नाही. माणूस दात बसवतो, चष्मा बदलतो, मिशीला कलप लावतो, मग केसांनीच काय घोडं मारलंय? पण हरवलेला तो ‘मी’ डिसेंबरात हरवलाय, पंचविशीत नाही. तो केसांनी परत येईल असं धरून चाललात तर त्या दिवसानंतरचे महिने फार जड जातील. लावलेले केस दोन ते आठ आठवड्यांत बहुतेक सगळे गळून पडतात. मुळं आत शाबूत असतात, हे अपेक्षितच असतं, पण आरशात मात्र आधीपेक्षा वाईट दिसतं. तीन-चार महिन्यांनी कोंब दिसायला लागतात आणि खरा निकाल नऊ महिने ते वर्षानं. मधल्या काळात डोकं बधिर, खपल्या, काही आठवडे हेल्मेट नाही, धुळीत जायचं नाही, आणि शाखेत येणारा प्रत्येक ठेवीदार विचारणार, “साहेब, काय झालं?” ज्या मनाला आज सकाळी उठायला जोर लावावा लागतो, त्यानं हे पेलायचं का आत्ता? तुम्ही पुढं असंही लिहिलंय की कधीकधी सगळंच नको वाटतं. हे वाक्य पुढच्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञांना जसंच्या तसं सांगा, भेट लांब असेल तर आजच फोन करा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता त्या क्लिनिकबद्दल. त्याला मी ओळखत नाही, तेव्हा वाईट बोलत नाही. पण आतापर्यंत तुमच्याशी एकही डॉक्टर बोललेला नाही, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये सांगून ठेवलंय की ही शस्त्रक्रिया रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनंच करायची, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञ. यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून शिकलेलं चालत नाही, आणि मदतनीस डॉक्टरच्या देखरेखीखालीच हवेत. असं सांगायची वेळ आली कारण ‘छोटीशी प्रोसिजर’ म्हणता म्हणता माणसं गेली आहेत. २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाचा अशा लांबलचक बैठकीनंतर मृत्यू झाला. कानपूरला झालेल्या मृत्यूंनंतर २०२५ मध्ये गुन्हा दाखल झाला तो एका दंतवैद्यावर. घाबरवायला सांगत नाही. निरोगी माणसात, नीट हातांत, ही शस्त्रक्रिया सुरक्षितच असते. पण तुम्ही निरोगी माणसाच्या रकान्यात बसत नाही आणि त्यांचे हात अजून तुम्ही पाहिलेले नाहीत.

म्हणून विचारा. छिद्रं कोण पाडणार, डॉक्टर का टेक्निशियन? डॉक्टरचा नोंदणी क्रमांक काय? तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडं पडताळता येतो. दिवसभर मॉनिटर लावणार का, ऑक्सिजन आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का, साखर कोण बघणार? नंतरच्या सुजेसाठी जी गोळी देता त्यात स्टेरॉइड आहे का? हा प्रश्न मधुमेह असलेल्यांनी तर विसरूच नये. प्रेडनिसोलोनच्या पाच दिवसांत साखर तीनशेच्या पार गेलेली मी गिऱ्हाइकांच्या रिपोर्टात बघितलीये, आणि ते मनालाही अस्वस्थ करतं. तिसऱ्या दिवशी पू झाला तर फोन कुणाला करायचा? पुणं चार-पाच तासांवर आहे. बिल किती, तेही लेखी मागा. हौसेच्या केसरोपणावर १८ टक्के जीएसटी असतो आणि मेडिक्लेम त्यातला एक रुपया देत नाही. ऑफरच्या आकड्यात हे धरलंय का ते बघा.

८.६ वर मी तरी कुणाला हौसेच्या शस्त्रक्रियेला बसू देणार नाही. साखर चढलेली असताना जखमा सावकाश भरतात, जंतू लवकर धरतात, आणि बसवलेली मुळं नीट रुजण्याचा भरवसा कमी होतो. साधारण साडेसात-आठच्या आत आणा. गोळ्या नीट बसवल्या, खाणंपिणं सांभाळलं, सकाळचं चालणं सुरू केलं की तीन-चार महिन्यांत फरक दिसतो. तोवर ती दुसरी गळती थांबलेली असेल, गेलेल्यातले काही केस परत आलेले असतील, आणि कदाचित १५०० ग्राफ्टमध्ये भागेल. कदाचित लागणारही नाहीत. मधल्या काळात दिसण्याचं काही करायचं असेल तर चांगल्या न्हाव्याकडून केस बारीक करून घ्या. लांब ठेवून कपाळावर ओढलेल्या चार बटांइतकं वय वाढवणारं दुसरं काही नाही. पातळ जागी केसांच्या रंगाचा फायबर भुरभुरवतात, तोही चालतो, पावसात तेवढा सांभाळायचा.

अशी पत्रं बायकांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. बायकांचे केस बहुधा सगळीकडून विरळ होतात, मागचेही, त्यामुळं काढायला पक्की जागाच राहत नाही आणि शस्त्रक्रिया फार थोड्यांना उपयोगी पडते. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, फेरिटिन बघून घ्या, आणि दिवस राहिलेल्या किंवा राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळीला हातही लावू नये. चाई पडलेल्यांनी, स्त्री असो की पुरुष, ती पूर्ण शांत झाल्याशिवाय क्लिनिकची पायरी चढू नये.

राहिली घरातली गोष्ट. बायकोला सांगायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, सांगा. त्या आज फक्त केसांना विरोध करतायत, कारण त्यांना दिसतंय तेवढंच. शस्त्रक्रियेच्या रात्री तुम्हाला घाम फुटला, तर शेजारी त्याच असणार आहेत, आणि डॉक्टरनं “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” विचारलं तर त्या ‘अ‍ॅसिडिटी’ म्हणतील. सुरुवात अवघड वाटत असेल तर मिरजेच्या पुढच्या भेटीला त्यांना सोबत घेऊन जा, बाकीचं डॉक्टर बोलतील. भाऊ तुमचा गेला तसा त्यांचा दीरही गेलाय.

सोमवारचा फोन उचला. तारीख आत्ता नको, एप्रिलनंतर बघू म्हणा, आणि फॉर्ममध्ये दुरुस्ती आहे म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी, मिलिग्रॅमसकट, मेलनं पाठवा म्हणजे लेखी राहील. सोबत दोन ओळी जोडा की मधुमेहाच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांचं लेखी पत्र आल्यावर आणि तुमच्या सर्जनशी समक्ष बोलणं झाल्यावरच पुढं जाऊ. ज्या क्लिनिकचा डॉक्टर ती यादी वाचून स्वतः उलट फोन करेल, त्याचं नाव जपून ठेवा. “काही प्रॉब्लेम नाही सर, ऑफर उद्यापर्यंतच आहे” असं उत्तर आलं, तर दहा हजार परत मागा. नाही मिळाले तर ग्राहक आयोगाचा रस्ता आहे, आणि तोही नको वाटला तर गेले म्हणा.